दूध ओकणारे बाळ आणि घराची रात्र



या अंकाचा आरोग्यपाठ लिहायला बसलो तेव्हा पत्नी म्हणाली, "आधी आपल्या घरातलं सांगा, मग लोकांना शिकवा." म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमची धाकटी मुलगी पाच आठवड्यांची असताना जवळजवळ प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध ओकायची. दिवसा ते निभावून जाई. रात्री मात्र खाली ठेवले की थोड्याच वेळात पाठ ताणून, लाल होऊन रडू लागे. पत्नी उठे, पाजे, खांद्यावर घेई, निजवी. तोवर पुढची वेळ होई. मी मेळघाटातल्या गावांत मातांच्या बैठका घेऊन दमून आलेला असे. पांघरूण डोक्यावरून ओढून घेई. "मला काही पाजता येत नाही, मग मी उठून काय करू?" हे माझे ठरलेले उत्तर. एका रविवारी उपासनेत पत्नी बसल्या जागी झोपली आणि बाळ तिच्या मांडीवरून घसरले. शेजारच्या मावशींनी वेळीच धरले म्हणून बरे. मी बाळाच्या पोटाची काळजी करत होतो. खरी गरज तिच्या झोपेची होती.

आता बाळ दूध का ओकते ते पाहू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचे एक कडे असते. अन्न खाली जाऊ द्यायचे आणि वर येऊ द्यायचे नाही, हे त्याचे काम. तान्ह्या बाळात हे कडे अजून पक्के झालेले नसते. त्यात आहार पातळ, पोट लहान आणि बाळ बहुतेक वेळ आडवे. म्हणून दूध वर येते. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. दहातल्या चार बाळांना तरी हा त्रास कमीअधिक होतो. बहुधा पहिल्या 8 आठवड्यांत सुरू होतो, चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि दहापैकी नऊ बाळांचा वर्षाच्या आत आपोआप थांबतो. बाळ ओकूनही हसते-खेळते, दिवसातून सहा वेळा तरी लघवी करते आणि त्याचे वजन वाढते आहे (पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम), तर सहसा औषध लागत नाही. शेजारणीच्या बाळाला लिहून दिलेले थेंब तर नकोतच.

रात्रीचे प्रत्येक उठणे मात्र ओकण्यामुळे नसते. तान्हे बाळ दर दोन-तीन तासांनी भुकेने उठतेच. शिवाय झोपेतही ते कण्हते, तोंड वेडेवाकडे करते, हातपाय हलवते. डोळे मिटलेले असतील तर क्षणभर थांबा. आम्ही दोघे सुरुवातीला प्रत्येक आवाजाला उचलून घ्यायचो आणि झोपलेल्या मुलीला आपणच जागे करायचो.

ओकणाऱ्या बाळाला थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. मध्येच ढेकर काढावी. पाजल्यावर 20 ते 30 मिनिटे खांद्यावर उभे धरावे. अंगावरचे दूध बंद करू नये; त्याहून सोसणारे दूसरे अन्न नाही. आता हिशेब करा. रात्रीत चार वेळा पाजायचे आणि दर वेळी अर्धा तास उभे धरायचे, म्हणजे दोन तास झाले. पाजणे आईलाच करावे लागते. हे दोन तास बाप, आजी, आत्या, कोणीही घेऊ शकते. माझ्या "उठून काय करू" या प्रश्नाचे उत्तर इतके साधे होते, आणि मी ते बैठकांमध्ये दुसऱ्यांना सांगत होतो! आम्ही पुढे असे ठरवले की रात्री नऊला पाजून झाले की पत्नीने लगेच दुसऱ्या खोलीत झोपायचे. पुढच्या भुकेपर्यंत बाळ माझे. तिला सलग तीन तास मिळू लागले. ओकणे थांबले नाही, पण आठवड्याभरात घरातला आवाज खाली आला.

बाळाला धरून बसणाऱ्याने मात्र जागे राहावे. खुर्चीत किंवा भिंतीला टेकून, बाळ छातीवर असताना डोळा लागणे धोक्याचे आहे. झोप अनावर झाली तर बाळाला त्याच्या अंथरुणावर ठेवा. राग अनावर झाला तरी तेच करा: बाळाला पाठीवर निजवून पाच मिनिटे दाराबाहेर जा. रडण्याने बाळाला इजा होत नाही, गदागदा हलवण्याने होते.

निजवायचे ते पाठीवरच, सपाट व टणक अंथरुणावर. "ओकलं तर गुदमरेल," म्हणून कित्येक जण कुशीवर किंवा पालथे निजवतात. प्रत्यक्षात पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेले दूध तिच्यात सहज उतरत नाही. पालथे निजवल्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. डोक्याखाली उशी देऊ नये. रात्रभर झोळीतही ठेवू नये. हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. खोलीत विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर नको. सहा महिन्यांपर्यंत पाणी, घुट्टी, ग्राइप वॉटर काही नको, आणि वर्षाच्या आत मध मुळीच नको.

धीर धरायचा कधी आणि धावायचे कधी, हे मात्र पाठ असू द्या. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, दूध जोराने लांब उडत असेल, पोट टणक फुगले असेल, बाळ पिईनासे किंवा मलूल झाले असेल, ताप असेल, श्वासाला त्रास होत असेल, टाळू फुगलेली दिसत असेल, लघवी कमी झाली असेल, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा. वजन वाढत नसेल, किंवा ओकणे सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

आईकडेही पाहा. दोन आठवडे सतत रडू येते, कशातच मन नाही, स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार येतात, तर तो विश्वासाचा कमकुवतपणा नव्हे, आजार आहे. डॉक्टरांकडे न्या, 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता (1 राजे 19), तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. देवाने प्रश्न विचारला तो पुढे, होरेब डोंगरावर. आपण मात्र बाळंतिणीला भेटायला जातो, प्रार्थना करतो आणि तिनेच केलेला चहा पिऊन येतो. पुढच्या वेळी जेवणाचा डबा न्या आणि दुपारी दोन तास बाळ सांभाळा. बाळ खांद्यावर असतानाही प्रार्थना करता येते.

हे सर्व मला पुन्हा आठवले ते गेल्या उन्हाळ्यात, धारणी तालुक्यातल्या एका कोरकू घरात. दोन महिन्यांचे बाळ ओकत होते, रात्र रात्र रडत होते. आजी भूमक्याला बोलावून डंबा द्यायचे म्हणत होत्या. तापवलेल्या लोखंडाने बाळाच्या पोटावर चटके देतात, त्याला इकडे डंबा म्हणतात. पोटफुगी जाते असा समज आहे. जखम चिघळून बाळाच्या जिवावर बेतते. त्या आजींना मी दोष देऊ शकलो नाही. पंधरा रात्री कोणीच झोपले नव्हते, आणि काहीतरी करायलाच हवे असे त्यांना वाटत होते.

आशाताईंनी बाळाला तपासले, वजन केले. वजन वाढत होते. धोक्याची खूण एकही नव्हती. मी आजींना म्हणालो, "आजी, करायला काम आहे. पाजून झालं की बाळ तुमच्या खांद्यावर. सुनेला झोपू द्या." त्यांनी विचारले, "बस, एवढंच?" मग घरातच वाटणी झाली. रात्रीच्या पहिल्या दोन पाळ्या आजींच्या, मधली बापाची. पहाटेची पाळी आजोबांनी मागून घेतली. मोहफुलांचे दिवस होते, ते वेचायला जाण्यासाठी ते अंधारातच उठत.