२० + १० म्हणजे ३० नव्हे : जाळी घेण्याआधी निव्वळ दर काढूया



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हे ६१ दिवस कमाई थांबते, पण खर्च थांबत नाही. जाळी, दोर, फ्लोट, शिसे, इंजिनाचे सुटे भाग ही सगळी खरेदी याच दिवसांत होते. दुकानदार दरपत्रक पुढे ठेवून "तुम्हाला वीस अधिक दहा देतो" म्हणतो आणि आपण तीस टक्के सुटले असं धरून चालतो. तिथेच हिशोब चुकतो.

पहिली गोष्ट : सुटीवर सूट

समजा जाळ्याचा छापील दर ४८,००० रुपये.
२० टक्के सूट : ९,६०० वजा, उरले ३८,४००.
पुढची १० टक्के सूट या ३८,४०० वर मिळते, ४८,००० वर नाही. म्हणजे ३,८४० वजा. निव्वळ किंमत ३४,५६०.

एकूण सूट १३,४४० रुपये, म्हणजे २८ टक्के. सरळ ३० टक्के असते तर ३३,६०० पडले असते. फरक ९६० रुपयांचा.

मोबाईलवर झटपट करायचं तर : ४८,००० × ०.८० × ०.९०. आधी दहा, मग वीस केले तरी उत्तर तेच येतं.

दुसरी गोष्ट : टक्का बघू नका, हातातून जाणारे पैसे बघा

दुसरा दुकानदार त्याच प्रतीच्या, तेवढ्याच वजनाच्या जाळ्याचा छापील दर ४५,००० सांगतो आणि सूट फक्त २५ टक्के देतो. निव्वळ ३३,७५०. सूट कमी, तरी माल ८१० रुपयांनी स्वस्त!

पण थांबा. बिलावर दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर जीएसटी लागतो. समजा तो ५ टक्के आहे. पहिल्याचे झाले ३६,२८८ आणि माल जेटीवर पोच. दुसऱ्याचे ३५,४३७.५०, वर टेंपोचं भाडं १,२०० आपलं, म्हणजे ३६,६३७.५०. आता पहिलाच साडेतीनशे रुपयांनी स्वस्त. म्हणून "जेटीवर पोच किती पडेल?" हाच प्रश्न विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या.

तिसरी गोष्ट : रोखीचा वटाव

"१० दिवसांत पैसे दिलेत तर २ टक्के कमी, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण" असं कोणी म्हणालं, तर जीएसटी बाजूला ठेवून ३४,५६० वर ६९१ रुपये वाचतात. हातात पैसे नसले तरी गणित करा : दहाव्या दिवशी ३३,८६९ रुपये वर्षाला १२ टक्के व्याजाने २० दिवसांसाठी घेतले, तर व्याज साधारण २२३ रुपये. म्हणजे व्याज भरूनही ४६८ रुपये आपल्याकडे राहतात. उधारी फुकट नसते, तिची किंमत त्या २ टक्क्यांत लपलेली असते.

चौथी गोष्ट : हेच गणित विक्रीला

एजंटचं कमिशन ५ टक्के, "फक्त पाचच" असं वाटतं. पण ३० किलोच्या क्रेटमागे २ किलो तूट धरली तर? बांगडा १०० रुपये किलो असेल तर ३,००० चा माल आधी २,८०० चा झाला, मग ५ टक्के जाऊन हातात २,६६०. ३४० रुपये, म्हणजे शंभरामागे ११ रुपयांहून जास्त गेले. जाळ्याच्या सुटीत टक्के मोजतो तसे इथेही मोजायला हवेत.

घरी सोडवा

छापील दर ६०,०००, सूट २५ + १०. निव्वळ किंमत आणि एकूण सूट किती? मुलांनाही बसवा.
(उत्तर : ४०,५०० रुपये, ३२.५ टक्के.)

खरेदी पक्की करण्याआधी दोन-तीन दुकानांचे लेखी दर घेऊन संस्थेच्या कार्यालयात या. आपण एकत्र बसून हिशोब करू.

– सचिव