रेड अलर्टच्या सुट्टीत

अगं, रात्री उशिरा शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या सुट्टी’ असा मेसेज पडला की पाठोपाठ तुझा फोन येणार, हे मी आता धरूनच चालते. थोरला गादीवर उड्या मारत असतो, धाकटीला कशाची सुट्टी तेच कळलेलं नसतं, आणि तुझ्या डोळ्यांपुढे त्या दोन खोल्या आणि सकाळी दहाची मीटिंग. दिवाळीची सुट्टी कॅलेंडर बघून येते. ही मेली न सांगता दारात उभी.

एक सांगते, रागावू नकोस. तू मुलांना रमवायला जातेस ना, तिथंच दमतेस. तो ऑनलाइन मागवलेला क्राफ्टचा खोका, ती छापून आणलेली वर्कशीटं! मांडायला तुला अर्धा तास लागतो, मुलांचं पंधरा मिनिटांत उरकतं, की लगेच ‘आई, आता काय?’ मुलांना कार्यक्रम नको असतो गं, मोठ्यांच्या कामात लुडबूड करायची असते. मग जे काम आज घरात होणारच आहे, त्यातच घे की त्यांना.

आता वालाचंच बघ. पावसाळ्यात घरात कडवे वाल असतातच. रात्री भिजत घालायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड येतात. गार हवेत थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा धरून चाल. मोडाचे वाल कोमट पाण्यात टाकलेस की साल सैल होतं, आणि चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर. धाकटीपुढे दोन ताटल्या ठेव, एक सालांची, एक डाळिंब्यांची. तासभर मान वर करणार नाही. पेन्सिल धरायच्या आधी बोटांत जी ताकद यावी लागते, ती अशाच कामातून येते. चार डाळिंब्या तोंडात जातील, दोन सोफ्याखाली. जाऊ देत. मात्र कोरडे वाल आणि चिंचोके तिच्या हाती देऊन उठून जाऊ नकोस. या वयात बी नाकात कधी जाते, कळत नाही.

थोरल्याला तेवढ्यानं भागणार नाही. त्याला तीन वाट्या दे. एकीत कोरडे वाल, एकीत ओल्या फडक्यावर ठेवलेले, तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवलेले. रोज बघायचं आणि वहीत चित्र काढायचं. बुडालेले कुजतात, कारण बीला पाण्याइतकीच हवाही लागते. पण हे तू आधी सांगायचं नाहीस. वास यायला लागला की तो स्वतःच येईल विचारत.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही बरं का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, पुढे त्या कोसबाडला गेल्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार कुणाला? मग बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हीच साधनं झाली. तुझ्या स्वयंपाकघरात याहून जास्त सामान आहे.

बाहेर पडतोय त्या पावसालाही कामाला लाव. सपाट बुडाचा, सरळ उभ्या बाजूंचा एखादा डबा सकाळी साडेआठला गच्चीवर ठेवून ये. मधोमध ठेव, भिंतीच्या आडोशाला नको, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी बाजूंनी विटा लाव. ग्रिलमध्ये ठेवलास तर इमारतच पाऊस अडवते. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं. तुम्हीही दुसऱ्या दिवशी तेव्हाच पट्टी बुडवा, पाऊस थोडा उतरलेला असेल तर. मग बातमीतला सांताक्रूझचा आणि कुलाब्याचा आकडा थोरल्याला शोधू दे. आपला वेगळा का आला, यावर तो तुझं डोकं खाईल, खाऊ दे. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढंच त्याला सांग आणि २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता तेही सांग. गच्चीवरची हजार लिटरची टाकी दाखव. बाकीचं गणित तो करेल.

विजा चमकत असतील तर गच्चीकडे फिरकायचंही नाही. घरात बसून चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. पण हा खेळ जूनच्या सुरुवातीचा नाहीतर परतीच्या पावसातला. आपल्याकडे जुलैची संततधार बहुधा मुकाट पडते.

वाटाणे भिजवले असतील तर मूठभर काढून ठेव आणि टूथपिक दे. वाटाण्यात काडी खोचून त्रिकोण करायचा, मग चौकोन. चौकोन डुगडुगतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात तिरपी काडी घातली की तोही ताठ. रेल्वेच्या पुलात आणि विजेच्या मनोऱ्यात एवढे त्रिकोण का, ते मग शिकवावं लागत नाही. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन हेच केलं. त्यांची खेळण्यांची पुस्तकं मिळाली तर जरूर घे.

दुपारी मुलांना सासूबाईंच्या ताब्यात दे. फरशीवर खडूनं पाच बाय पाचचा अष्टाचंग आखायचा, चिंचोके फोडून फासे करायचे. त्या लबाडी करतील, थोरला चिडेल, तू मध्ये पडू नकोस.

आणि दहाच्या मीटिंगला लाव खुशाल कार्टून. अपराधी वाटून घेऊ नकोस. फोन हातात द्यायचाच असेल तर ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही आहेत, १९७१ पासूनचे, ऑनलाइन फुकट. त्यातली चित्रं बघता बघता थोरला वाचायलाही लागेल. नाही लागला तर नाही. मधेच ‘कंटाळा आला’ म्हणेल, तेव्हा धावत जाऊ नकोस. थोडा वेळ कंटाळू दे, काहीतरी काढतोच शोधून.

चारनंतर मात्र दोघंही किरकिरी होतात, तेव्हा वाल नको, वाटाणे नको. पाऊस बारीक झाला असेल आणि वीज नसेल तर सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं भिजू दे. रस्त्यावरच्या तुंबलेल्या पाण्यात पाय नाही घालायचा, लेप्टोच्या तापाची भीती असते. वर आल्यावर डोकी खसाखसा पुसून काढ, आणि न वाळणाऱ्या कपड्यांत आणखी दोन जोड्यांची भर टाकताना माझ्या नावानं मोड हवी तेवढी बोटं.