पहाटेचे सूर शांत का वाटतात?

कार्तिकात पेण किंवा रोह्याकडच्या एखाद्या गावी मुक्काम केलात, तर पहाटे काकड आरतीच्या सुरांनी जाग येण्याचा संभव आहे. टाळ हलके वाजत असतात, पेटीवर सूर धरलेला असतो आणि भूपाळी चालू असते. तेच भजनी मंडळ रात्री गजराला लागले म्हणजे माणसे तीच, वाद्ये तीच, पण ऐकणारा डोलू लागतो. मग पहाटेचा शांतपणा येतो कशातून? लयीतून, पट्टीतून, की स्वरांतून?

भूपाळीला शब्द असतात, आणि शब्दांचा अर्थ आपल्या निर्णयात लुडबुड करतो. म्हणून बिनशब्दांची एक सकाळ तपासू. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याने इब्सेनच्या 'पेअर गिंट' या नाटकासाठी संगीत रचले. ते १८७६ साली रंगभूमीवर आले. त्यात वाद्यवृंदासाठी 'सकाळ' नावाची एक रचना आहे. (ही सकाळ नॉर्वेतली असेल असे वाटते, पण नाटकात ती मोरोक्कोतली आहे!) प्रथम बासरी आणि मग ओबो हे फुंकवाद्य आळीपाळीने एक छोटी ओळ वाजवतात. आपल्या भाषेत तिची सुरुवात अशी: प ग रे सा रे ग. हे तर भूप रागातले स्वर!

आता शाळेतली किंवा मंडळाची पेटी घ्या. पांढरी एकला सा धरला तर प, ग, रे, सा म्हणजे पांढरी पाच, तीन, दोन आणि एक. ग्रीगने मात्र पांढरी तीनचा सा धरला आहे. तेथून वाजवायचे तर पांढरी सात, काळी चार, काळी तीन आणि पांढरी तीन. बोटे बदलली, ओळ मात्र चटकन ओळखू येते. असे का? समजा, सा सेकंदाला २४० कंपनांचा आहे. मग रे २७०, ग ३०० आणि प ३६० कंपनांचा होईल. सा ३२० केला तर हेच आकडे ३६०, ४०० आणि ४८० होतील. भागाकार करून पाहा. ग आणि सा यांचे गुणोत्तर दोन्हीकडे ५:४ येते. कान आकडे मोजत नाही, गुणोत्तर ओळखतो. (पेटीचा ग या हिशेबापेक्षा किंचित चढा, सुमारे ३०२ कंपनांचा असतो. जाणकार गवई पेटीवर रुसतात ते यासाठीच.)

आता एकच स्वर बदला. पांढरी एकच्या सा वर पांढरी तीनऐवजी काळी दोन, म्हणजे कोमल ग दाबा. ३०० च्या जागी २८८ कंपने, गुणोत्तर ६:५. एवढ्याशा फरकाने सकाळ मावळते आणि ओळ उदास होते. भूपातला ग कोमल केला की शिवरंजनीचे स्वर मिळतात.

लयीचे काय? ग्रीगच्या रचनेत ठोका साधारण सेकंदाला एक पडतो आणि प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा असतात. दोन ठोके मिळून सहा मात्रा, आपल्या दादऱ्यासारख्या. म्हणजे सेकंदाला तीन स्वर येऊन जातात, तरी घाई जाणवत नाही. कारण पाय ठोक्याबरोबर हलतो, स्वरांबरोबर नाही. हीच ओळ दुप्पट लयीत वाजवा. स्वर तेच, पण पहाट जाऊन खेळाचे मैदान येईल.

इतके झाल्यावर कोडे सुटले असे समजू नका. भूप आणि देसकार या दोन रागांत पाचही स्वर तेच आहेत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि त्यात गंधाराला मान असतो. देसकार सकाळचा आणि त्यात धैवताला मान. तेव्हा कोणत्या स्वरावर थांबायचे, यानेही भाव पालटतो. हे मोजायचे तर नुसती कंपने पुरत नाहीत.

पट्टीने गुणोत्तरे बदलत नसली तरी गळा बदलतो. बुवांनी काळी चार धरली की मागच्या कित्येकांना वरच्या सा साठी शिरा ताणाव्या लागतात. पेटीला तो ताण नसतो. पुढच्या काकड आरतीला सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन जा. मिनिटाला टाळाचे ठोके किती पडतात ते आरंभी आणि शेवटी मोजा, आणि सा कोणत्या पट्टीचा होता ते पेटीवाल्याला विचारून वहीत लिहा. रात्रीच्या गजरालाही तेच करा.