समुद्रावरील वैमानिकरहित पहारा

दौलताबादच्या किल्ल्यावर आपल्या शाळेंतील बहुतेक मुलें एकदां तरी चढलीं आहेत. त्याची टेकडी सुमारें २०० मीटर उंच आहे. ती समुद्रकांठीं असती, तर माथ्यावरून किती दूरचें पाणी दिसलें असतें? हिशेब सोपा आहे. मीटरांतील उंचीचें वर्गमूळ काढून त्यास ३.५७ नें गुणावें. येणारी संख्या म्हणजे क्षितिजाचें किलोमीटरांतील अंतर होय. येथें उत्तर सुमारें ५० येतें. होडीत उभ्या असलेल्या कोळ्याचा डोळा पाण्यापासून २ मीटर उंच धरला, तर त्याचें क्षितिज अवघ्या ५ किलोमीटरांवर असतें. पृथ्वीच्या गोलाईपुढें कितीही तीक्ष्ण दृष्टीचा इलाज चालत नाहीं.

हाच डोळा ९,००० मीटरांवर नेला, तर क्षितिज सुमारें ३४० किलोमीटरांवर जातें. एवढ्या उंचीवर विमानें पूर्वींही जात होतीं. अडचण जाण्याची नसून तेथें राहण्याची होती. संशयित जहाज कांहीं आपल्या सोयीनें येत नाहीं. माणसें बसलेल्या विमानास कांहीं तासांनीं परतावें लागतें, कारण इंधन सरतें आणि पाहणाऱ्याचे डोळेही थकतात. म्हणून वैमानिकास जमिनीवर ठेवून विमान तेवढें वर पाठविण्याचा मार्ग नौदलानें धरला.

'दृष्टि-१०' हें असेंच विमान जानेवारी २०२४ मध्यें हैदराबाद येथें नौदलास देण्यांत आलें. मूळ नमुना इस्रायलचा. तें ३६ तास आकाशांत राहूं शकतें व ४५० किलोग्रॅम वजनाचीं उपकरणें वाहतें. अमेरिकेचें 'सी गार्डियन' याहून मोठें. त्याच्या पंखांचा विस्तार २४ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही अधिक. अशीं दोन विमानें २०२० मध्यें भाड्यानें घेऊन तमिळनाडूंतील अरक्कोणम् येथून उडविण्यांत येऊं लागलीं. त्यांपैकीं एक यंत्र बिघडल्यामुळें १८ सप्टेंबर २०२४ रोजीं बंगालच्या उपसागरांत उतरवावें लागलें. वैमानिक अर्थातच सुखरूप होते. ते जमिनीवरच होते! पुढच्याच महिन्यांत अशा ३१ विमानांचा करार झाला. त्यांतील १५ नौदलासाठीं आहेत.

तीं इतका वेळ टिकतात याचें रहस्य वेगांत नसून मंदपणांत आहे. लांब व अरुंद पंखांमुळें हवेचा विरोध कमी होतो. आसनें, प्राणवायु, हवाबंद खोली यांचें ओझें नसल्यानें तेवढें इंधन अधिक भरतां येतें. ढग आड आले, तर रडार कामास येतें. वैमानिक पाळीपाळीनें बदलतात. त्यांची आज्ञा सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत जाते. ती चढून उतरण्यास पाव सेकंद लागतो व विमानानें पाहिलेलें चित्र येण्यास आणखी पाव. (प्रकाशाचा वेग ठाऊक असलेल्या मुलांनीं भागाकार करून पाहावा.) खुल्या समुद्रावर हा अर्धा सेकंद म्हणजे कांहींच नव्हे, परंतु धावपट्टीवर उतरतांना तो घातक ठरूं शकतो. म्हणून उतरण्याचें काम विमानतळावरून थेट बिनतारी जोडणीनें किंवा विमानांतील स्वयंचलित यंत्रणेनें होतें.

या पहाऱ्याचा उपयोग मार्च २०२४ मध्यें दिसून आला. सोमाली चांच्यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें पळविलेलें 'रुएन' नांवाचें मालवाहू जहाज भारताच्या किनाऱ्यापासून सुमारें २,६०० किलोमीटरांवर 'कोलकाता' या युद्धनौकेनें अडविलें. युद्धनौकेनें सोडलेलें छोटें ड्रोन चांच्यांनीं गोळी घालून पाडलें. परंतु दीर्घकाळ उडणारें वैमानिकरहित विमान त्या मोहिमेंत होतेंच. मोठ्या विमानांतून कमांडो समुद्रांत उतरविले गेले. सुमारें ४० तासांनीं ३५ चांचे शरण आले, १७ खलाशी सुटले, आणि चांच्यांस मुंबईस आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यांत आलें.

परंतु दिसणें आणि ओळखणें यांत मोठें अंतर आहे, आणि माझ्या मतें या विषयांतील खरा कठीण भाग तोच होय. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला करणारे १० दहशतवादी 'कुबेर' नांवाची गुजरातची मासेमारी नौका बळकावून आले होते. त्या दिवशीं वर असें विमान घिरट्या घालीत असतें, तरी त्याच्या पडद्यावर ती अनेक मासेमारी नौकांपैकीं एक म्हणूनच दिसली असती. आंतरराष्ट्रीय प्रवासावरील ३०० टनांच्या व त्याहून मोठ्या जहाजांनीं आपलें नांव, दिशा व वेग बिनतारी संदेशानें जाहीर करीत राहावें, असा नियम आहे. 'कुबेर'सारख्या नौकेस तो लागू नव्हता. पुढें सरकारनें मच्छीमारांस बोटांच्या ठशांची नोंद असलेलीं ओळखपत्रें दिलीं. तीं तपासावयाचीं, तर गस्तीची नौका होडीच्या शेजारींच न्यावी लागते.