नमुना कागदावर नेमक्या मापात कसा उतरवावा?

काही वर्षांपूर्वी आम्ही साडीच्या काठाचा एक नमुना संगणकावर तयार करून घेतला. नक्षी संपून पुन्हा सुरू होण्याचे अंतर २४ सेंटीमीटर ठरले होते. दुकानातून कागदावर नमुना छापून आला, त्यावरून स्क्रीन बनली आणि कारागिराने टेबलावरचे थांबे २४ सेंटीमीटरवर लावून काम सुरू केले. प्रत्येक नक्षीनंतर एक सेंटीमीटर पांढरी जागा सुटत गेली. कारागिराला वाटले, नमुनाच तसा असेल. आम्ही पोहोचेपर्यंत चाळीस मीटर कापड वाया गेले होते. कागदावरची नक्षी २३ सेंटीमीटरच भरत होती. दोष कारागिराचा नव्हता. कागदाला पट्टी लावून पाहणे आमचे काम होते, ते आम्ही केले नाही.

असे का होते?

संगणकातील चित्र पिक्सलचे, म्हणजे रंगाच्या बारीक ठिपक्यांचे असते. ठिपक्यांना स्वतःची लांबी नसते. एका इंचात किती ठिपके बसवायचे, यावर माप ठरते. यालाच डीपीआय म्हणतात. ६०० ठिपक्यांची बुट्टी ३०० डीपीआयला २ इंच होते आणि १०० डीपीआयला ६ इंच. पडद्यावर ती केवढी दिसते याचा मापाशी संबंध नाही.

हिशेब सोपा आहे. सेंटीमीटरला २.५४ ने भागून इंच काढावेत आणि डीपीआयने गुणावे. २४ सेंटीमीटर म्हणजे ९.४५ इंच, ३०० डीपीआयला सुमारे २८३५ ठिपके हवेत.

चूक बहुधा छापताना होते. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो, पण बहुतेक प्रिंटर कडेची थोडी जागा सोडतात. 'फिट टू पेज' निवडलेले असेल तर पूर्ण पानाचे चित्र त्या जागेत बसवण्यासाठी लहान केले जाते. आमच्या नमुन्याचे हेच झाले.

काय करावे?

१. जुन्या कापडाचा नमुना शक्यतो स्कॅनरवर सपाट ठेवून ३०० डीपीआयला घ्यावा. मोबाइलने फोटो काढायचा तर शेजारी पट्टी ठेवून सरळ वरून काढावा.

२. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास ठिपके कमी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. माप ठरलेली पीडीएफ उत्तम.

३. छापताना 'अॅक्चुअल साइझ' किंवा १०० टक्के निवडावे.

४. नमुन्याच्या कडेला २० सेंटीमीटरची एक उभी व एक आडवी रेघ काढून ठेवावी. छापल्यावर दोन्ही रेघा पोलादी पट्टीने मोजाव्यात. दोन्ही १९.६ भरल्या तर २० ला १९.६ ने भागून १०० ने गुणावे. १०२ टक्क्यांवर पुन्हा छापावे आणि पुन्हा मोजावे.

५. मोठा नमुना अनेक कागदांवर छापून जोडला असेल तर जोडल्यानंतर पूर्ण लांबी मोजावी. एकेका सांध्यातील एक मिलिमीटरही शेवटी मोठा होतो.

आता आम्ही प्रत्येक नमुन्यावर माप लिहितो, स्वतः मोजतो, सही करतो आणि मगच स्क्रीन बनवायला देतो. या कामाला दोन मिनिटे लागतात. कारागीर बांधवांनीही सही नसलेला कागद हाती घेऊ नये. मग नुकसान कोणी सोसायचे, हा वाद उरत नाही.