'अ' की 'ॲन'? अक्षर पाहू नका, आवाज ऐका



काही वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलीच्या वहीत मी 'अ युनिफॉर्म' लाल पेनने खोडून 'ॲन युनिफॉर्म' केलं. ती म्हणाली, "बाई, असं म्हणताना अडकतंय." मी तिला पाठ केलेला नियम ऐकवला: ए, ई, आय, ओ, यू आलं की 'ॲन'. घरी व्याकरणाचं पुस्तक उघडलं आणि कळलं, चूक माझीच होती. तिचा कान बरोबर होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तसं सांगितलं आणि नियम नव्याने शिकवला.

नियम असा: 'अ' की 'ॲन' हे स्पेलिंगच्या पहिल्या अक्षरावर नाही, उच्चाराच्या पहिल्या आवाजावर ठरतं.

आपल्या मुलांसाठी एक सोपी युक्ती आहे. शब्द जसा उच्चारतो तसा देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'.

१) ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन: स्पेलिंगमध्ये आधी एच आहे, पण तो बोलत नाही. देवनागरीत 'अ' आणि 'ऑ' येतात, म्हणजे स्वर.
२) अ युनिफॉर्म, अ युनिव्हर्सिटी, अ युरोपियन: स्पेलिंग यू किंवा ई ने सुरू होतं, पण आवाज 'य' चा. 'य' हे व्यंजन.
३) अ वन-रुपी कॉइन: स्पेलिंग ओ ने, आवाज 'व' चा.
४) ॲन एसटी बस, ॲन एमएलए, ॲन एफआयआर: एस, एम, एफ ही व्यंजनं असली तरी त्यांची नावं 'ए' ने सुरू होतात.

अजून एक गोष्ट. नाम कुठेही असो, लगेच पुढे येणारा शब्द पाहायचा. ॲन ॲपल, पण अ रेड ॲपल. अ मॅन, पण ॲन ओल्ड मॅन.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे 'एक' ला 'येक' म्हणायची सवय असते, तसंच मुलं 'एग' ला 'येग' आणि 'ओल्ड' ला 'वोल्ड' म्हणतात. मग युक्ती फसते. म्हणून आधी शब्दाचा उच्चार नीट करून घ्या.

हा नियम कोणी उगाच केलेला नाही. जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा जो शब्द होता त्याच्या शेवटी 'न' होता. व्यंजनापुढे तो 'न' गळाला, स्वरापुढे टिकला. दोन स्वर एकमेकांना धडकले की जीभ अडकते, म्हणून स्वरापुढे 'न' लागतो; 'य' या व्यंजनापुढे तो नको असतो, तेच त्या मुलीला जाणवलं होतं.

घरी करून पाहा: अम्ब्रेला, यूजफुल बुक, एक्स-रे, हाउस, ऑनेस्ट गर्ल.
उत्तरं: ॲन, अ, ॲन, अ, ॲन.

मूल "हे म्हणताना अडकतंय" म्हणालं, तर लाल पेन जरा थांबवा. आधी तो शब्द स्वतः मोठ्याने म्हणून पाहा.