बाळंतिणीचे कागद दप्तरदाखल करू नका

गर्भारपणात ज्या स्त्रीचा रक्तदाब 140/90 च्या वर गेला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि त्यापायी जिला मुदतीपूर्वीच प्रसूत करावे लागले, ती बाळासह सुखरूप घरी आली म्हणजे प्रकरण निकालात निघाले असे समजून घरची मंडळी तिचे कागद कपाटात टाकून देतात. माझी आपणांस कळकळीची विनंती आहे, की ते कागद असे दप्तरदाखल करू नयेत. गर्भारपणात अंगातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते, आणि हा भार ज्या स्त्रीच्या रक्तवाहिन्यांना जड गेला, तिला पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघात होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2011 सालीच या पूर्वेतिहासाची गणना हृदयरोगाच्या धोक्यांत केली आहे. गर्भारपणी साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह जडण्याचे भय तर याहूनही मोठे.

म्हणून प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांच्या आत रक्तदाब तपासावा, साखर वाढली असल्यास 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन करावयाची तपासणीही करावी, आणि पुढे वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर पाहत जावी. डिंकाचे, अळिवाचे लाडू मायेने केलेले असतात, त्यांना माझी मनाई नाही; मात्र सव्वा महिन्याचा खुराक वर्षभर चालू ठेवू नये. लोणचे-पापड धरून दिवसाचे मीठ एका चहाच्या चमच्याहून कमीच असावे, आणि मिश्री लावण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी, कारण मिश्री म्हणजे तंबाखूच होय.

चालण्याचा व्यायाम मात्र उपदेशाने घडत नाही. रात्रीची जागरणे, अंगावरचे दूध आणि घरकाम यांतून स्वतःसाठी अर्धा तास काढणे हा जिला अपराध वाटतो, तिला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. सासूबाईंनी किंवा यजमानांनी तेवढा वेळ बाळ मांडीवर घ्यावे, जाऊ किंवा शेजारीण सोबतीला निघावी, आणि डॉक्टरांच्या संमतीने प्रारंभ दहा मिनिटांचाच असावा. सोबत लाभलेली स्त्री नेम टिकवते, हे मी वारंवार पाहिले आहे.

पुन्हा दिवस राहिल्यास ते जुने कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावेत. रक्तदाबाचा विकार पुन्हा उद्भवू नये म्हणून अल्प मात्रेतील ॲस्पिरिन द्यावयाचे झाल्यास ते बहुधा सोळाव्या आठवड्यापूर्वीच सुरू करावे लागते.